गाडी घेऊन माथेरानला जाताय? दस्तुरी नाक्यावरच्या पार्किंगची पायरी-पायरीने माहिती

माथेरानचं हॉटेल पहिल्यांदा बुक केलं तेव्हा मी फोनवर सवयीने विचारलं, "पार्किंग आहे ना?" पलीकडचा माणूस क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "साहेब, गाडी दस्तुरीला राहील." मला वाटलं, दस्तुरी म्हणजे त्यांच्या हॉटेलच्या मागची गल्ली असेल. प्रत्यक्षात ती गावापासून अडीच-तीन किलोमीटर अलीकडे निघाली. आमच्याकडे तीन बॅगा होत्या, सोबत सासरे होते आणि पाऊस कोसळत होता. त्यानंतर सात-आठ वेळा गेलो असेन. पहिल्या दोन खेपांत झालेल्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१. आधी मूळ नियम समजून घ्या

माथेरान गावात वाहनाला बंदी आहे. यात कार आली, बाइक आली, भाड्याची टॅक्सीही आली. गावात फिरणारी इंजिनाची वाहनं म्हणजे रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी; त्यांखेरीज ई-रिक्षा तेवढ्या चालतात. ही प्रथा इंग्रजांच्या काळापासूनची आहे. ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला, तेव्हापासून बंदीला कायद्याचा भक्कम आधार आहे. त्यामुळे 'पाच मिनिटं सामान टाकून येतो', 'आजी चालू शकत नाहीत', 'आमची गाडी इलेक्ट्रिक आहे, धूर सोडत नाही' यातलं एकही कारण चालत नाही. तिसरं कारण मी स्वतः एका सद्गृहस्थाला नाक्यावर वीस मिनिटं सांगताना ऐकलंय. पटवून देत होते मात्र छान.

म्हणजे तुमची गाडी दस्तुरी नाक्यावर थांबणार, हे पक्कं. पुढचं सगळं नियोजन तिथून मागे मोजत करायचं.

२. गाडी वर न्यायची की नेरळलाच ठेवायची?

याचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर आहे, दस्तुरी साडेसातशेच्या पुढे. मधला रस्ता आठ-नऊ किलोमीटरचा. म्हणजे दर शंभर मीटरला सरासरी आठ मीटर चढ, आणि सरासरी म्हटल्यावर काही वळणांवर तो याहून बराच उभा असणार हे आलंच. घाटात गाडी चालवायची सवय नसेल, गाडीत पाच माणसं आणि डिकी भरून सामान असेल, क्लच आधीच कुरकुरत असेल, तर गाडी खाली ठेवा आणि नेरळ स्टेशनाजवळून शेअर टॅक्सी करा. ते चालक हा घाट रोज चढतात-उतरतात. एका फेरीत जळलेल्या क्लच प्लेटचा खर्च टॅक्सीच्या भाड्याच्या कितीतरी पट असतो.

मात्र नेरळला गाडी ठेवायची तर पावती देणाऱ्या पार्किंगमध्येच ठेवा. बाजारपेठेत किंवा एखाद्या सोसायटीच्या फाटकासमोर मोकळी जागा दिसली म्हणून लावू नका. दोन दिवसांनी परत येईपर्यंत तिथल्या लोकांनी तुमच्या नावाने काय काय म्हटलं असेल याची कल्पना करा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या १२७व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी दहा तासांहून जास्त बेवारस ठेवलेली किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात, आणि टोइंगचा खर्च मालकाकडून वसूल होतो.

मुंबई-ठाण्याकडच्यांनी गाडी घरीच ठेवून लोकलने नेरळला यावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण लहान मूल, म्हातारी माणसं असली की गाडी लागते, हेही मला कळतं.

३. दिवस आणि वेळ

दस्तुरीचं पार्किंग डोंगराच्या खांद्यावर आहे. ते मैदानासारखं पसरत नाही. मे महिना, दिवाळीची सुट्टी, लागून आलेले शनिवार-रविवार आणि पावसाळ्यातले सगळे वीकेंड या दिवसांत ते सकाळीच भरतं. भरलं की मागच्या गाड्या घाटातच रांगेने उभ्या राहतात, मग वरून उतरणाऱ्या गाड्या अडकतात, आणि खाली नेरळलाच गाड्या थोपवून धराव्या लागतात.

माझा हिशोब असा आहे: गर्दीच्या दिवशी सकाळी आठच्या आत दस्तुरी गाठायची, नाहीतर दुपारी तीननंतर, आदल्या दिवशीची मंडळी उतरल्यावर जायचं. साडेदहा ते दीड ही सगळ्यात वाईट वेळ. रविवारी दुपारी वर निघालात तर उतरणारा सगळा लोंढा समोरून येतो. आठवड्यातला मधला दिवस मिळत असेल तर ही पायरी विसरून जा.

निघायच्या आदल्या रात्री हॉटेलला फोन करून दोन गोष्टी विचारा: घाटरस्ता चालू आहे का, आणि शटल गाडी (नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानपर्यंत जाणारी मिनी ट्रेन) चालू आहे का. पावसाळ्यात घाटात दरड येते, त्यामुळे हा फोन चुकवू नका.

४. जवळ काय काय हवं

- वाहन परवाना, आरसी, विमा, पीयूसी. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं कायद्याने चालतात, पण घाटात नेटवर्क दगा देतं. ॲप घरूनच उघडून ठेवा किंवा छापील प्रती ठेवा.
- सुट्टे पैसे. पार्किंग, प्रवासी कर, हमाल, शटलचं तिकीट, सगळीकडे लागतात.
- प्रत्येकाचं ओळखपत्र आणि हॉटेल बुकिंगचा मेसेज.
- दोन मोठे दगड किंवा लाकडाचे ठोकळे. दगड तिथे मिळतात, पण पावसात अंधारात शोधत बसायला नको.
- टॉर्च, जंप केबल, टायरची हवा भरायचा पंप.
- पाठीवर घ्यायच्या बॅगा. चाकांची ट्रॉली तांबड्या मातीत आणि दगडी वाटेवर निरुपयोगी आहे. आमची पहिल्याच फेरीत मोडली.

पेट्रोल-डिझेल कर्जत किंवा नेरळमध्येच भरा. वर गाड्याच नाहीत, तर पंप कुठून असणार!

५. घाट चढताना

पार्किंगच्या लेखात घाट कशाला, असं वाटेल. पण सर्वात जास्त चुकीचं पार्किंग घाटातच होतं. इंजिन तापलं म्हणून, धबधबा दिसला म्हणून, कोणाला उलटी आली म्हणून गाडी वळणावर उभी केली जाते.

रिकाम्या जागेला पार्किंग म्हणत नाहीत, एवढं एक लक्षात ठेवा. वळण, चढाचा माथा, अरुंद पूल, रस्त्याची चुकीची बाजू, आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या शेजारी किंवा बरोबर समोर अशा ठिकाणी गाडी लावायला देशभर मनाई आहे, तिथे 'नो पार्किंग'चा फलक असो वा नसो. "बोर्ड कुठेय?" हा आपला आवडता वाद इथे लागू पडत नाही. दुसऱ्याला धोका होईल अशी गाडी सोडून जाणं हा तर वेगळा गुन्हा आहे, कलम १२२ त्यासाठीच आहे. महाराष्ट्रात नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा पकडलं तर १५०० रुपये.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला जी रुंद जागा दिसते, ती उगाच सोडलेली नसते. मोठी गाडी वळवायला आणि समोरच्याला वाट द्यायला ती लागते. तिथे एक कार उभी राहिली की टॅक्सीला दोनदा मागे-पुढे करावं लागतं, आणि मागच्या दहा गाड्या अर्ध्या चढावर हँडब्रेकवर लटकतात.

चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये राहा आणि एसी बंद करा. ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर किंवा मॅन्युअल मोड निवडा. पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर सोडा, कारण ती मागे घसरू शकते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला असतो, उतरणाऱ्याने थांबायचं. हा नियम आहे, नुसतं सौजन्य नाही. तरीही समोरून कोणी हटवादीपणा केला तर जाऊ द्या, घाटात हुज्जत घालायची नाही. रस्ता काही ठिकाणी मिनी ट्रेनचे रूळ ओलांडतो. रूळ अरुंद आहेत, पण गाडी खरी आहे. तिथे थांबू नका, सेल्फीसाठी तर मुळीच नाही.

इंजिन खरोखर तापलंच, तर सरळ पट्ट्यात डाव्या कडेला, मागच्याला लांबून दिसेल अशा जागी थांबा. चारही इंडिकेटर चालू करा, मागच्या चाकांना दगड लावा आणि एकजण गाडीतच चालकाच्या जागेवर राहू द्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

पावसाळ्यातल्या धबधब्यांसाठी तर थांबूच नका. कर्जत तालुक्यातल्या धबधब्यांवर अनेकदा मनाई आदेश असतात आणि रस्त्यावर लावलेल्या गाड्यांवर कारवाई होते.

६. दस्तुरी नाक्याच्या आधीचे शंभर मीटर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

शेवटचं वळण चढून आलात की काही माणसं हात करतात. कोणी काचेवर टकटक करतं, कोणी गाडीच्या पुढे पळत वाट दाखवतं. त्यांची वाक्यं मला आता पाठ झाली आहेत. "पार्किंग फुल झालंय, इथेच लावा." "शटल आज बंद आहे." "ई-रिक्षा फक्त गाववाल्यांना." "चालत दोन तास लागतात, रस्त्यात काही मिळत नाही." यातलं एखादं वाक्य एखाद्या दिवशी खरंही असतं, म्हणून तर लोक फसतात. पर्यटकांच्या याच दिशाभुलीला कंटाळून मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनी स्वतःच गाव बंद ठेवलं होतं. म्हणजे त्रास आपल्यालाच होतो असं नाही, गावाचंही नाव खराब होतं.

माझी चूक ऐका. जुलै महिना, धुकं, समोरचं दिसत नव्हतं. रेनकोट घातलेल्या एकाने "साहेब, आत जागा नाही" म्हणत उतारावरची एक जागा दाखवली आणि शंभर रुपये घेतले. पावती मागितली तर म्हणाला, "मी इथेच असतो." दुसऱ्या दिवशी परतलो तेव्हा तो नव्हता. गाडी होती, पण मागचं एक चाक पाण्याने खणलेल्या चरात रुतलं होतं आणि आत, रीतसर पार्किंगमध्ये, गाड्या आरामात उभ्या होत्या. गाडी बाहेर काढायला चार जणांना मिळून जे द्यावं लागलं, तो आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही.

म्हणून काच खाली न करता सरळ पार्किंगच्या फाटकापर्यंत जा. जागा आहे की नाही हे फाटकावरचा पावती देणारा सांगेल, दुसरं कोणी नाही. मग:

- दरफलक वाचा. कार, बाइक, मोठी गाडी यांचे दर वेगळे असतात आणि ते बदलत राहतात.
- छापील पावती घ्या. तिच्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ आहे ना, पाहा.
- मुक्कामाचा हिशोब कसा धरतात ते आत्ताच विचारा: चोवीस तासांचा की तारीख बदलली की नवा दिवस? परतताना होणारी निम्मी भांडणं याच प्रश्नावरून होतात.
- पावतीचा फोटो काढा. कागद पावसात विरघळतो.

घोडेवाले, हमाल, रिक्षावाले यांच्याशी तुटक वागा असं मी म्हणत नाही. बहुतेक जण कष्ट करून पोट भरणारे आहेत, आणि डोक्यावर दोन बॅगा घेऊन तो चढ चालणं म्हणजे काय ते एकदा करून बघा. फक्त गाडी लावून, पावती खिशात घालून, मग बोलणी करा. स्टिअरिंगवर बसून ठरवलेला भाव कधीच फायद्याचा नसतो.

७. गाडी प्रत्यक्ष लावताना

जमीन सपाट नाही आणि माती जांभ्याची आहे. कोरडी असताना ती टणक असते, ओली झाली की साबण.

गाडी रिव्हर्स लावा, तोंड बाहेर. परत निघताना धुक्यात आणि गर्दीत मागे बघत काढावी लागत नाही. फूटब्रेक दाबून गाडी थांबवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, मग फूटब्रेक सोडून गाडीला हँडब्रेकवर बसू द्या, आणि शेवटी गिअर टाका. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. आधी गिअर टाकला तर सगळं वजन गिअरबॉक्सवर येतं. गाडी सुटलीच तर ती शेजाऱ्यावर किंवा दरीकडे न जाता बांधाकडे जाईल अशा बेताने पुढची चाकं वळवा आणि चाकांना दगड लावा. चालक नसताना गाडी आपोआप हलणार नाही याची काळजी घेणं कायद्यानेही तुमच्यावरच आहे, कलम १२६.

पावसात तीन-चार दिवस हँडब्रेक ओढून ठेवला की ब्रेक शू चिकटतात. जागा अगदी सपाट असेल तर गिअर आणि दगडांवर भागवा. उतारावर मात्र हँडब्रेक लागणारच. चिकटला तर चिकटू दे, गाडी दरीत जाण्यापेक्षा बरं.

पावसाळ्यात तीन जागा टाळा: सुकलेल्या फांद्यांखाली, कापलेल्या दरडीला लागून, आणि पाणी वाहून गेल्याच्या खुणा दिसतील तिथे. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, घाट चढून आलेला सायलेन्सर चांगलाच तापलेला असतो.

आणि माकडं. दस्तुरीची माकडं अनुभवी आहेत. काच दोन बोटं उघडी राहिली तर हात आत येतो. सीटवर बिस्किटाचा पुडा दिसला तर वायपरची रबरं, अँटेना, आरसे यांच्यावर राग निघतो. खाण्याची एकही वस्तू गाडीत ठेवू नका, रिकाम्या पिशव्याही नाहीत. आरसे मिटून ठेवा. त्यांना खायला देण्याची हौस असेल तर ती कृपा करून दुसऱ्याच्या गाडीजवळही भागवू नका.

आजूबाजूच्या खुणेसकट गाडीचा फोटो काढा. धुक्यात सगळ्या पांढऱ्या गाड्या सारख्याच दिसतात. आतले दिवे आणि डॅशकॅम बंद आहेत ना, बघा. वर बॅटरी उतरली तर मेकॅनिक नेरळहून येतो.

८. गाडी लावल्यावर पुढे

हे थोडक्यात. नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवासी कर भरून पावती घ्या. जवळच अमन लॉज स्टेशन आहे, तिथून माथेरानपर्यंत शटल चालते. नेरळहून येणारी मिनी ट्रेन पावसाळ्यात साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बंद असते, पण हे शटल वेगळं. "ट्रेन बंद आहे" असं सांगणारा नेमका हा फरक गिळतो. खिडकीवर स्वतः विचारा. ई-रिक्षालाही रांग असते. हाताने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या जागी ई-रिक्षा आणा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. घोडा करायचा असेल तर अंतर आणि परतीचं धरून एकच आकडा ठरवा. आणि चालायचं तर रुळांच्या कडेने, झाडांच्या सावलीतून, पाऊण तासात बाजारात पोचता. दोन तास सांगणाऱ्याला हसून नमस्कार करा.

९. परतताना

सामान भरण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. टायर, आरसे, गाडीखाली काही गळतंय का, चाकांचे दगड काढले का. हे दगड रस्त्यात टाकून जाऊ नका, मागून दुचाकीवाला येतो. पहिल्या सपाट पट्ट्यात ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून बघा. ओल धरलेले ब्रेक आधी कुरकुरतात, मग पकडतात.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढला होतात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे महाभाग खालच्या वळणांवर ब्रेकचा जळका वास काढत उभे असतात. आणि थांबून चढणाऱ्यांना वाट द्यायची पाळी आता तुमची.

१०. चलन आलंच तर

घाटातल्या पार्किंगचं चलन बहुधा जागेवर हातात पडत नाही, गाडीचा फोटो निघतो आणि नंतर मेसेज येतो. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल तर तोही येत नाही, आणि दंड थकत राहतो. घरी आल्यावर आठवडाभराने महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. चलनासोबतचा फोटो उघडा. गाडी तुमचीच आहे का, जागा आणि वेळ बरोबर आहे का, तपासा. चूक असेल तर त्याच ॲपवर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे तुमची पार्किंगची पावती उपयोगी पडते. दंड बरोबर असेल तर भरून टाका. मेसेजमधल्या लिंकवर मात्र बोट ठेवू नका, ई-चलनाच्या नावाने खोट्या लिंका फिरतात. ॲप किंवा सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडूनच पैसे भरा.